रायगडाला गेलेलं हेल्मेट: रॅपिंगचं एक काम, आधी फसलेलं आणि मग जमलेलं

मी कोल्हापुरात रेडियमचं काम करतो, एकोणीस वर्षं झाली. नंबर प्लेट, टाकीचे स्टिकर, रिक्षाच्या मागची नावं, आणि अलीकडं पाच-सहा वर्षांत गाड्यांचे फुल रॅप. रेडियम हा शब्द आपल्याकडं रुळलाय म्हणून वापरायचा, बाकी त्यात रेडियम काही नसतं, ती पीव्हीसीची पातळ फिल्म असते आणि मागनं गोंद, म्हणजे विनाइल. हल्ली दर आठवड्याला एक तरी पोरगं हेल्मेट घेऊन येतं, दादा हे रॅप करून द्या म्हणून, आणि बहुतेक दुकानात ते काम टाकी रॅप केल्यासारखंच केलं जातं. मीही तसंच करायचो. खाली जे लिहिलंय ते एकाच हेल्मेटचं प्रकरण आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं आणि दुसऱ्यांदा कसं केलं. धंद्यातल्या माणसाला उपयोग व्हावा आणि हेल्मेट घालणाऱ्यालाही आपल्या डोक्यावर काय आहे ते कळावं, एवढ्यासाठी सविस्तर लिहितोय.

काम काय होतं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा आला, हातात नवंकोरं फुल फेस हेल्मेट, मॅट ब्लॅक, बॉक्ससकट. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन, आमच्याकडनं दरवर्षी पोरं गाड्या घेऊन जातात, हे आठ-दहा जण चार तारखेलाच निघणार होते, कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग महाड आणि पाचाड. त्याला हेल्मेट पूर्ण भगवं पाहिजे होतं, कुठं काळं दिसता कामा नये, आणि मागं अष्टकोनी राजमुद्रा. मला म्हणाला, "दादा, पेंट नको, घरचे ओरडतील, रॅप करा म्हणजे पुन्हा काढता येतंय." मी म्हटलं, "भावा, परवा ये, घेऊन जा."

हेल्मेट हातात घेऊन मी फक्त एवढं बघितलं की आयएसआयचा मार्क आहे का. तो होता, मागं खाली, आयएस ४१५१ आणि लायसन्स नंबर छापलेला. १ जून २०२१ पासून आपल्याकडं दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय विकायलाच बंदी आहे, त्यामुळं नवीन मालावर तो असतोच, आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं. शेल, म्हणजे बाहेरचं कडक कवच, कशाचं आहे, आत थर्माकोल कसं बसवलंय, कंपनीनं स्टिकरबद्दल काय लिहिलंय, यातलं काहीच बघितलं नाही. बॉक्समध्ये एक छोटं पुस्तक होतं, ते पोरानं उघडलं नव्हतं आणि मीही नाही.

पहिला प्रयत्न

दुकानात भगव्या रंगाचा ग्लॉस रोल होता, कॅलेंडर्ड, बोर्ड आणि टाकीला वापरतो तोच. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विनाइल दोन तऱ्हेनं बनतं. कॅलेंडर्ड म्हणजे गरम रोलरमधनं दाबून लाटलेलं, आणि कास्ट म्हणजे पातळ द्रव पसरवून भट्टीत सुकवलेलं. पोळी आणि घावन यात जो फरक तोच. लाटलेल्या पोळीत ताण राहिलेला असतो, ती तव्यावर टाकली की आकसते, घावन जिथं ओतलं तिथंच राहतं. कॅलेंडर्ड फिल्म ताणून वाकड्या जागेवर बसवली तर त्या दिवशी झकास दिसते, पण तिला आपलं मूळचं माप आठवत असतं आणि उन्हात ती हळूहळू मागं सरकते. हे मला तेव्हाही माहीत होतं, फक्त वाटलं होतं की हेल्मेट एवढंसं, तेवढ्याला कास्टचा मीटरभर महागडा तुकडा कशाला फोडायचा.

आधी पुसून घेतलं, आणि पुसलं कशानं तर थिनरनं, कारण टाकी पुसायला तेच वापरतो. मग वरच्या टाळूपासून एकच अखंड तुकडा खाली ताणत आणायला लागलो. इथं पहिल्यांदा कळलं की टाकी आणि हेल्मेट यात काय फरक आहे. टाकीला एका अंगानं गोलाई असते, फार तर दोन. हेल्मेट सगळ्या अंगांनी गोल. सपाट कागद चेंडूवर गुंडाळून बघा, वर नीट बसेल आणि खाली चुण्या पडतील, त्या कुठं तरी जिरवाव्याच लागतात. त्या जिरवायला एकच हत्यार हाताशी, हीट गन. माझ्या गनचं लो सेटिंगच ३५० अंशांचं, म्हणजे नळीतनं निघणारी हवा तेवढी गरम. कपाळाच्या वर, कानाच्या मागं आणि हनुवटीच्या कोपऱ्यांवर मी ती किती वेळ धरली याचा काही हिशोब नाही, चुणी जाईपर्यंत धरली. वरनं सगळं बसल्यावर पुन्हा एकदा सगळ्या कडा तापवल्या, ज्याला आम्ही पोस्ट हीट म्हणतो. रॅपच्या फिल्मला ती साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत द्यायची असते, म्हणजे तिचा ताण मरतो आणि ती परत उचलत नाही.

हनुवटीपाशी कड तरीही उचलत होती, म्हणून तिथं कडेचा प्रायमर, म्हणजे कड घट्ट चिकटायला लावतात ते रसायन, लावला, आणि काचेच्या भोवतीची फिल्म हेल्मेटवरच कटरनं कापली. नवीन ब्लेड होतं, हात हलका ठेवला होता.

चार तासांचं काम. दिसायला एक नंबर झालं होतं, खोटं कशाला सांगू, मी स्वतः फोटो काढून स्टेटसला ठेवला. पोरगं तर नाचायचंच बाकी होतं. ७०० रुपये घेतले.

नऊ तारखेला काय आलं

९ जूनला तो परत आला. मला वाटलं फोटो दाखवायला आला असेल. फोटो दाखवले, गडावरची गर्दी, धुकं, सगळं दाखवलं, आणि मग हेल्मेट काउंटरवर ठेवलं. कपाळावरची कड अर्धा इंच मागं सरकली होती आणि तिथं काळी पट्टी दिसत होती. कानामागं बोटभर फुगा, त्यात पाणी. हनुवटीच्या दोन्ही कोपऱ्यांना फिल्म सुटून वाऱ्यानं फाटली होती. चिपळूणच्या पुढं पाऊस लागला होता म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी नवीन फिल्म लावून दिली असती आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. जाता जाता तो म्हणाला, "दादा, अजून एक. मान हलवली की आतनं टक टक आवाज येतोय, आधी येत नव्हता."

मी हेल्मेट कानाशी धरून हलवलं. खरंच येत होता. आतलं कापड आणि गालाचे फोम काढले, थर्माकोलला दोन्ही अंगठे लावून फिरवून बघितलं, तर आख्खं थर्माकोल शेलच्या आत बोटभर फिरलं. त्या हेल्मेटात थर्माकोल गोंदाच्या ठिपक्यांवर बसवलेलं होतं, त्यातले दोन सुटले होते. थर्माकोल थोडं वर उचलून मोबाईलचा टॉर्च मारला, कपाळाच्या वरच्या भागात, बरोबर जिथं मी गन धरली होती तिथं, थर्माकोलचा पृष्ठभाग दाणेदार नव्हता, चकचकीत झाला होता, वितळलेल्या मेणासारखा, आणि तिथं ते शेलपासनं दोन-तीन मिलिमीटर आत गेलं होतं.

पोरगं म्हणालं, "चालतंय की, आतनं गोंद लावूया." मी काही बोललोच नाही थोडा वेळ. हा पोरगा ते हेल्मेट घालून कुंभार्ली उतरला होता, पावसात कशेडी चढून-उतरून परत आला होता, आणि त्याच्या डोक्यात आणि रस्त्यात जी एक गोष्ट होती ती मी चार दिवस आधी शिजवून ठेवली होती. काही झालं नाही, हे त्याचं नशीब. त्याच दिवशी मी त्याला नवीन हेल्मेट घेऊन दिलं, स्वतः बरोबर जाऊन, १,८०० रुपये दिले. जुनं मी ठेवून घेतलं.

नेमकं काय बिघडलं

पुढचा महिनाभर दुकान सांभाळून मी हाच उद्योग केला. ते हेल्मेट हॅक्सॉनं उभं मधोमध कापलं. आणखी दोन जुनी, पडलेली हेल्मेटं ओळखीच्या गॅरेजमधनं आणली आणि टेम्परेचर गन घेतली, लांबनं तापमान दाखवते ती.

आधी आतलं काम कसं चालतं ते समजून घ्या, कारण बहुतेकांना वाटतं बाहेरचं कडक कवच डोकं वाचवतं. कवच मार पसरवतं, टोकदार काही आत घुसू देत नाही आणि रस्त्यावर घसरतं. पण धक्का खातं ते थर्माकोल. ते आतल्या आत चिरडतं, आणि चिरडायला जो काही क्षणांश लागतो तेवढ्यात डोकं हळू होतं. एकदाच. चिरडलं की संपलं, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिनचे वाफेवर फुगवलेले दाणे, बहुतेक सगळी हवाच. ऐंशी अंशांच्या पुढं गेलं की हे फुगवलेले दाणे आकसायला लागतात आणि शंभरच्या आसपास पॉलिस्टायरिन मऊच पडतं. आकसलं की दाण्यातली हवा गेली, जागा कडक झाली, आणि आकसून आत गेलं म्हणजे शेल आणि थर्माकोल यांच्यात पोकळी झाली.

आता वरची दोन आकडेवारी शेजारी ठेवून बघा. फिल्मला पोस्ट हीट पाहिजे ९५ ते १००. थर्माकोल बिघडतं ८० ते १००. फिल्म कायमची बसवायला जेवढी आच लागते तेवढ्याच आचेत हेल्मेटचा जीव जातो. मधी शेलची तीन-चार मिलिमीटर जाडी असते, ती काही सेकंद राखते, पण एका जागी गन धरली तर उष्णता आत जातेच. मी कापलेल्या अर्ध्या हेल्मेटवर बाहेरनं गन धरून आतल्या बाजूनं बघत बसलो, मिनिटभर काहीच नाही, मग शेलला चिकटलेल्या थर्माकोलच्या कडेला एक ओली असल्यासारखी रेघ आली, ती चमकली आणि कड मागं सरकली. गन बंद केल्यावरही ती सरकतच होती, कारण शेल तापलेलंच होतं. बाहेरनं बघणाऱ्याला फिल्म सुंदर बसलेली दिसते. आणि स्वस्त हेल्मेटांचं शेल बऱ्याचदा एबीएस नावाच्या प्लास्टिकचं असतं, तेही शंभर-एकशे पाच अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणजे आकार बिघडायचा तोही धोका.

दुसरी गोष्ट थिनर आणि प्रायमर. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट ही दोन्ही प्लास्टिकं सॉल्व्हंटला फार हळवी. पेट्रोल, थिनर, अॅसिटोन, आणि कडेच्या प्रायमरमध्ये जायलीनसारखे सॉल्व्हंट असतात, तेही त्यातलेच. नुसतं लावलं तर काही दिसत नाही. पण प्लास्टिकमध्ये कुठं ताण असेल, स्क्रूजवळ, कडेला, साच्यातनं निघतानाच राहिलेला, तिथं सॉल्व्हंट शिरतो आणि बारीक तडे पाडतो. हे मी जुन्या हेल्मेटच्या काचेवर करून बघितलं. काच म्हणजे पॉलिकार्बोनेटच. तिची एक पट्टी कापली, वाकवून दोन्ही टोकं सुतळीनं बांधली, धनुष्यासारखी, आणि पाठीवर थिनरचा बोळा ठेवला. थोड्याच वेळात पट्टीत आतल्या आत पांढऱ्या रेघा उमटल्या, कोळ्याचं जाळं असतं तशा, आणि सुतळी थोडी आवळली तर पट्टी बिस्किटासारखी मोडली. जी पट्टी त्याआधी मी हातानं दुमडून बघितली होती आणि मोडली नव्हती. दुकानातल्या कामगाराला मुद्दाम बोलवून दाखवलं, तेव्हापासनं आमच्याकडं थिनरची बाटली हेल्मेटच्या टेबलावर येत नाही.

तिसरी गोष्ट कटर. काचेच्या भोवती जिथं मी फिल्म कापली होती तिथली फिल्म काढल्यावर शेलवर केसाएवढी रेघ सापडली, जवळजवळ चार इंच. नखाला लागत होती. पॉलिकार्बोनेट तसं चिवट, पण ओरखड्याला फार वाईट, दणका बसला की तडा त्या रेघेतनं धावतो. आपण कापड फाडायच्या आधी कडेला एक चिरटी मारतो ना, तेच.

ही सगळी माहिती गुप्त होती असं नाही. युरोपच्या ईसीई २२ नियमात, ज्या हेल्मेटला अशा गोष्टींनी धोका आहे त्यावर रंग, स्टिकर, पेट्रोल किंवा सॉल्व्हंट लावू नका असं लेबल लागतं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २१८ या हेल्मेटच्या नियमात तर लेबलवर स्पष्ट म्हणायला लावलंय की काही नेहमीच्या वापरातल्या पदार्थांनी शेलचं जबर नुकसान होऊ शकतं आणि ते वापरणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणार नाही. आपल्या पोराच्या बॉक्समधलं ते न उघडलेलं पुस्तक मी नंतर मागवून घेतलं. त्यातही होतं, तिसऱ्या पानावर.

मग स्टिकर लावायचाच नाही का

हा प्रश्न मी खूप दिवस घोळवला. कंपनीनं नाहीच म्हटलं असेल तर उत्तर नाही, आणि वॉरंटी जाते ती जातेच. पण सगळेच स्टिकर सारखे धोक्याचे नाहीत. फ्रान्समध्ये तर दुचाकीवाल्याच्या हेल्मेटला रिफ्लेक्टिव्ह स्टिकर कायद्यानंच लागतात, चार बाजूंना चार. खुद्द हेल्मेट कंपन्या डिकल, म्हणजे छापील स्टिकर, लावून वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक रंगाचा थर, मारून विकतात. म्हणजे पातळ फिल्म आणि तिचा दाबानं चिकटणारा गोंद हा मुख्य गुन्हेगार नाही. गुन्हेगार आहेत ती आच, सॉल्व्हंट आणि ब्लेड, आणि तिन्ही दुकानदाराच्या हातात असतात.

मी हेल्मेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, मॉडेलचा नंबर देऊन विचारलं. साबणाच्या पाण्यानं पुसा, रंग आणि सॉल्व्हंट नको, बाहेरच्या रंगाच्या थरावर पातळ स्टिकर चालेल पण तुमच्या जबाबदारीवर, असं उत्तर मिळालं. हे पोराला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं आईला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी काकू स्वतः दुकानात आल्या. मला वाटलं आता बोलणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही हेल्मेट बदलून दिलंत म्हणून आलोय. भगवं करा नाहीतर हिरवं करा, पण हा रात्री साडेअकराला एमआयडीसीतनं येतोय, मागनं ट्रकवाल्याला दिसला पाहिजे." म्हणजे कामात रिफ्लेक्टिव्ह वाढलं, आणि ती मागणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटली.

दुसरा प्रयत्न

जुलैमध्ये केलं. ठरवलं होतं की ताणायचंच नाही. ताण नाही तर चुणी जिरवायला आच नको, आच नको तर थर्माकोलला भीती नाही. मग गोल वस्तूवर सपाट फिल्म न ताणता बसवायची कशी, तर जशी शिंपी टोपी शिवतो तशी, कळ्या पाडून. माझे वडील शिंपीकाम करायचे, परकराला आणि टोपीला कळ्या ते कागदावर कशा काढायचे हे लहानपणी बघितलेलं होतं, आणि एवढ्या वर्षांनी ते विनाइलला कामी आलं.

कापलेलं जुनं हेल्मेट त्याच मॉडेलचं होतं, ते दोन्ही अर्धे टेपनं जोडून सगळ्या अंगावर मास्किंग टेप लावला, त्यावर पेन्सिलीनं रेघा मारल्या, कुठं जोड घ्यायचा ते हेल्मेटच्या मूळच्या घड्या आणि व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या भोकांच्या, ओळी बघून ठरवलं, आणि ब्लेडनं टेप कापून सोलून काढला. या भंगार हेल्मेटवर ब्लेड चालवायला काही हरकत नव्हती. सोललेला तुकडा टेबलावरच्या काचेवर सपाट ठेवला की तो स्वतःच सांगतो कुठं उठतोय. जो तुकडा सपाट बसत नाही त्याचे आणखी दोन करायचे. असं करत करत नऊ तुकडे झाले, टाळूची लांब पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, दोन गाल, हनुवटी आणि मागचा. स्कॅन करून प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरनं फिल्म कापणाऱ्या मशीनवर, कापले. सगळे कोपरे गोल केले, टोकदार कोपरा पहिल्यांदा उचलतो हे रेडियमवाल्याला सांगायला नको. सगळं कापणं प्लॉटरवर, हेल्मेटला ब्लेड एकदाही लागलं नाही. ज्यांना जागेवरच कापायचंय त्यांनी निदान नाइफलेस टेप वापरावा, त्यात दोरा असतो, तो ओढला की फिल्म कापली जाते आणि खालचा भाग तसाच राहतो.

फिल्म या वेळी कास्ट घेतली, गोंदासकट साधारण ९० मायक्रॉनची, मागं हवा निघायच्या बारीक रेषा असलेली. साबणाच्या कोमट पाण्यानं हेल्मेट पुसलं, मऊ कापडानं कोरडं केलं आणि एक दिवस पंख्याखाली ठेवलं. पाण्याचा फवारा मारून ओलं बसवायची पद्धत इथं वापरू नका, काचेच्या यंत्रणेत आणि कापडात पाणी जातं आणि मॅटच्या खरबरीत अंगात ओल अडकून राहते.

लावायचा क्रम खालनं वर. आधी मागचा, मग गाल, मग हनुवटी, मग बाजूच्या कळ्या, शेवटी टाळूची पट्टी. प्रत्येक वरचा तुकडा खालच्यावर तीन-चार मिलिमीटर चढवलेला, कौलारू घराची कौलं चढवतात तसा, म्हणजे पाणी जोडात न शिरता वरनं वाहून जातं. आणि पुढचा तुकडा मागच्यावर, कारण वारा पुढनं येतो, कडेचं तोंड मागं असलं तर तो तिच्यात शिरत नाही. पहिल्या वेळी हनुवटीची फिल्म फाटली होती ती याच चुकीनं. जिथं थोडी गोलाई उरली होती तिथं बायकोचा हेअर ड्रायर वापरला, टेम्परेचर गन शेजारी धरून, पृष्ठभाग ५० च्या वर जाऊ दिला नाही. एका जागी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. कास्ट फिल्म तेवढ्यावर ऐकते, फक्त हाताला घाई नको. कामाला साडेसहा तास लागले.

काय काय झाकलं नाही तेही सांगतो. मागचा आयएसआय मार्क उघडा ठेवला, त्याच्याभोवती खिडकी कापली, कारण तो झाकला तर पोलिसानं अडवल्यावर दाखवणार काय, विनाहेल्मेटचा दंड १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४डी मध्ये आहे, आणि पुढं कधी विम्याची भानगड आली तर हेल्मेट कुठलं हे त्या मार्कावरनंच कळतं. सगळे व्हेंट उघडे. कडेच्या रबरापासून तीन मिलिमीटर आधी फिल्म थांबवली, रबराखाली खुपसली नाही. काचेच्या स्क्रूखाली फिल्म नाही. काचेला तर कधीच काही नाही, तिथं पट्टी सुद्धा मी लावून देत नाही, कोणी कितीही म्हटलं तरी. पोराला मूळची इच्छा होती की काळं कुठंच दिसू नये, ते झालं नाही, कडेनं काळी रेघ राहिली. त्याला मी कापलेलं हेल्मेट दाखवलं, चमकलेल्या थर्माकोलवर त्याचं बोट ठेवलं, मग तो काही बोलला नाही.

राजमुद्रा मागं लावली, साडेपाच सेंटीमीटरची. रिफ्लेक्टिव्ह शीट जाड असते, अजिबात ताणत नाही, म्हणून तिचे मोठे तुकडे गोलाईवर बसतच नाहीत. मागं राजमुद्रेखाली दोन, कानामागं एकेक अशा अंगठ्याएवढ्या चार पट्ट्या लावल्या. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून रस्त्यापलीकडनं गाडीची लाईट मारून बघितलं, चारही पट्ट्या पेटल्यासारख्या दिसल्या. काकूंना व्हिडिओ पाठवला.

पुढं काय झालं

पोराला सांगून ठेवलं होतं, महिन्यातनं एकदा हेल्मेट दाखवून जा. तो पावसाळाभर तेच घालून कामाला जात होता. ऑगस्टमध्ये सगळं जागेवर. दसऱ्याला बघितलं, डाव्या गालाच्या मागच्या कोपऱ्यावर दोन मिलिमीटर कड सुटली होती, कारण तो गाडी लावल्यावर हेल्मेट त्याच बाजूनं आरशाला अडकवतो आणि ती जागा रोज घासते. इतर आठ तुकडे घट्ट. आतनं थर्माकोल फिरवून बघितलं, हललं नाही. आवाज नाही.

या एका कामाचा खर्च बघितला तर फिल्म, वेळ, पहिल्यांदा बदलून दिलेलं हेल्मेट धरून मी तोट्यात आहे, पण साचा तयार आहे. त्याच मॉडेलची आणखी तीन हेल्मेटं मी त्यानंतर केली, प्रत्येकी १,४०० रुपये घेतले आणि कुणी कुरकुर केली नाही, कारण आधी कापलेलं हेल्मेट हातात देतो. दुसऱ्या मॉडेलला नवीन साचा लागतो, आणि साचा काढायला त्या मॉडेलचं भंगार हेल्मेट मिळालं नाही तर मी काम घेत नाही. जे हेल्मेट पडलेलं आहे, ज्याचा पट्टा उसवलाय, जे रस्त्याच्या कडेला मार्कशिवाय घेतलंय, त्यालाही हात लावत नाही, त्यावर देखणं आवरण चढवणं म्हणजे घालणाऱ्याला फसवणं आहे. वरनं चिकटवायची रबराची शिंगं, कान, तुरे यांनाही नाही म्हणतो. हेल्मेट रस्त्यावर आपटलं की घसरलं पाहिजे, अडकलं की मान पिरगळते. ०.१ मिलिमीटरची फिल्म आणि दोन इंचाचं शिंग यात फरक आहे.

दिवाळीनंतर पोरगा आला, डावा गाल बदलून मागायला. ड्रायर लावला, तुकडा कोमट झाला, अगदी सपाट कोनात हळूहळू सोलला. पहिल्या हेल्मेटवर थिनर आणि आच लागलेल्या जागी फिल्मबरोबर मॅटचा काळा रंगही निघून आला होता, इथं खालचा रंग जसाच्या तसा होता, गोंदाचा ठिपकाही राहिला नाही. प्लॉटरवर 'डावा गाल' नावाची फाईल उघडली, नवीन तुकडा कापला, बसवला. वीस मिनिटं लागली. त्यानं हेल्मेट घातलं, मान दोन्हीकडं जोरात हलवून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि पट्टा लावला.